रिकाम्या गावाचा आकडा

नोकरीच्या पहिल्या दिवशी पाटणकर साहेबांनी मला टेबल दाखवलं, खुर्ची दाखवली आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हे तुझं सासर. आता याच्याशीच संसार." पंचविशीच्या मुलीशी पहिल्याच दिवशी असलं बोलू नये, हे त्यांना कुणी शिकवलं नसावं. पण माणूस वाईट नव्हता. महसूल खात्यात तीस वर्षं झिजलेला, खिशात ब्लडप्रेशरच्या गोळ्या, आणि निवृत्तीला चौदा महिने उरलेले. तालुका आपत्ती कक्षाचे ते प्रमुख. कक्ष म्हणजे दोन खोल्या, एक जीप, एक रबरी होडी आणि आता मी. शर्वाणी जयराम गुरव, आपत्ती अधिकारी, परिवीक्षाधीन.

पडद्यावर तालुक्यातले अकरा डोंगर होते आणि प्रत्येकाखाली एक आकडा. सहावा डोंगर भैरीचा. त्याच्या पायथ्याला ओसरगाळू, माझं गाव. घाटाखालचं, चारशे बारा वस्तीचं, मध्यभागी रवळनाथाचं देऊळ आणि देवळाच्या उजव्या अंगाला आमचं घर. माझे वडील देवळाचे गुरव. आई मी बारावीत असताना गेली. तेव्हापासून बाबा, देव आणि एक म्हातारी मांजर असं कुटुंब त्या घरात राहत होतं.

आकडा कुठून यायचा ते सांगते. इंटरनेटसाठी गावोगाव जी काचेची तार पुरली आहे ना, तिच्यात एका टोकाने लेसरचा प्रकाश सोडतात. जमीन केसभर जरी हलली तरी तार ताणली जाते आणि परतणारा प्रकाश किंचित बदलतो. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान झाला. सरकारी कागदांत या यंत्रणेला भलंमोठं नाव आहे, पण सगळा तालुका तिला 'कान' म्हणतो. मातीतून कंप किती वेगाने जातो ते हा कान मोजतो. घट्ट कोरड्या मातीत कंप झपाझप जातो, पाणी पिऊन सैल झालेल्या मातीत रेंगाळतो. वेग घसरू लागला की समजायचं, डोंगर आतून सुटतोय. त्यावरून कान आकडा काढतो: येत्या बहात्तर तासांत हा उतार कोसळण्याची शक्यता शंभरात किती.

मोजायला कंप हवा, तो कुठून आणायचा? याचं उत्तर आम्हाला प्रशिक्षणात मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. वेगळं काही करायला नको. गाव स्वतःच जमीन हलवत असतं. माणसांची पावलं, गुरं, भाताची गिरण, विहिरीवरचे पंप. फुकटचा आवाज. पाऊस आणि वारा कान गाळून टाकतो, त्याला माणसांचा आवाज शिकवलेला आहे. मी हे वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली रेघही मारली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आकडा साठावर गेला की गाव रिकामं करायचं. सलग बारा तास दहाच्या खाली राहिला की आदेश आपोआप उठतो. आकडा लोकांच्या फोनवरही दिसायचा, म्हणजे लपवाछपवीचा आरोप नको.

नवव्या आठवड्यात, श्रावणातल्या एका सोमवारी, सहाव्या डोंगराचा आकडा सकाळी सत्तावन्न होता आणि दुपारी चौसष्ट.

माझ्या कारकिर्दीचा पहिला आदेश, आणि तोही माझ्याच गावाला. मी जीप घेऊन निघाले. देवळासमोर नाना रावराणे भेटले. नाना गावचे मानकरी. त्यांनी मान डोलावली म्हणजे गावाने डोलावली. मी आदेश वाचून दाखवला. नानांनी पान चघळत तो ऐकून घेतला.

"चेडवा, दोन वर्सांमागे पण असोच कागद इलो होतो," ते म्हणाले. "तीन दिवस शाळेत कोंबल्यानी. काय पडला? माजी म्हस पडली, चिखलात. आमी जावचे नाय."

"नाना, चौसष्ट आहे आकडा. तुमच्या फोनवर बघा."

"बघलंय. म्हंजे छत्तीस टक्के ऱ्हवाचो पण हिशोब आसा न्हय?"

लोक हसले. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता. तेवढ्यात मला ती युक्ती सुचली. त्या वेळी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करते.

आमच्याकडे गावपळण असते. दर पाच वर्षांनी, मार्गशीर्षात, देवाने कौल दिला की अख्खं गाव गुरांकोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं. नदीपलीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, खोपी घालून तीन रात्री काढायच्या. गावात दिवासुद्धा लावायचा नाही, देवळातलाही नाही. पुन्हा कौल मिळाला की परत यायचं. सरकारच्या कागदाला न हलणारं हे गाव देवाच्या एका शब्दावर चूल विझवून निघतं. आणि तो शब्द सांगणारा माणूस माझा बाप होता.

"अवेळी?" बाबांनी विचारलं. आम्ही ओसरीवर बसलो होतो. "पावसाची गावपळण कोणी ऐकली नाय."

"देवाक इचारून तर बघा."

बाबांनी आंघोळ केली, ओलेत्याने गाभाऱ्यात गेले. कौल लावायचा म्हणजे देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाव बाहेर मंडपात जमलं होतं. आत गाभाऱ्यात बाबा आणि उंबऱ्याशी मी.

डावी पडली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "देव नाय म्हणता."

"बाबा," मी अगदी हळू म्हणाले, "उजवी म्हणान सांगा."

"तू माका देवाच्या तोंडचा खोटा बोलाक सांगतंस?"

"चारशे माणसां मरतली. लहान पोरां आसत. मी कागद घेऊन ओरडान दमलंय, माजा कोण ऐकणा नाय. तुमचा ऐकतले."

त्यांना मी दुसरं काही करण्याची सोयच ठेवली नाही. चाळीस वर्षं त्यांनी त्या पाषाणाला पाणी घातलं होतं आणि त्यांना एकच मुलगी होती. ते बाहेर गेले. "उजवी," ते म्हणाले. एरवी त्यांचा आवाज मंडपभर घुमायचा. त्या दिवशी तो सपाट पडला, कुणीतरी पाठीवर हात ठेवून दाबल्यासारखा. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मंगळवारी सकाळी अकराला ओसरगाळू रिकामं झालं. वीज तोडली, कुलपं लागली, मांजर टोपलीत घालून बाबा सगळ्यांत शेवटी निघाले. मी पुलावर उभी राहून माणसं मोजली. चारशे बारा. साहेबांनी वायरलेसवरून माझं कौतुक केलं. "जिल्ह्याला कळवतो," म्हणाले, "धर्माची आणि विज्ञानाची सांगड म्हणून."

मी परत तालुक्याला आले. संध्याकाळी आकडा बावीसवर आला. बुधवारी सकाळी सात.

सात! मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. डोंगर शांत झाला होता. गावाच्या ग्रुपवर मी पडद्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'देवाची कृपा आणि कानाची साथ. अजून दोन दिवस धीर धरा.' बुधवारी संध्याकाळी नियमाप्रमाणे आदेश उठला. आता लोक फक्त कौलापायी सड्यावर थांबले होते.

आणि कौलाचा धागा गुरुवारी सकाळी तुटला. बाबांचा फोन आला.

"शरू, मी नानांका सांगून टाकलंय. डावी पडली होती म्हणान."

"कित्याक, बाबा?"

"सड्यावर माणसां भिजतत. नानांच्या सुनेचा बाळ तापान फणफणला. सगळी देवाच्या नावान सोसतत आणि देवान तर सांगलेलाच नाय. माका रवाक नाय." मग ते म्हणाले, "आता माझ्याशी कोण बोलणा नाय. दुपारी तीनाक सगळे घराक जातत."

मला त्यांचा राग आला. पण तसं पाहिलं तर जायला हरकत नव्हती. आकडा सातच होता.

एकच्या सुमारास मी डबा उघडला आणि रोजच्या अहवालासाठी पावसाचे आकडे चढवायला घेतले. मंगळवारी एकशे दहा मिलिमीटर. बुधवारी एकशे चाळीस. घास हातातच राहिला. दोन दिवसांत अडीचशे मिलिमीटर पाणी प्यायलेला डोंगर शांत कसा होईल? मी मागची नोंद काढली. पाऊस थांबलाच नव्हता, तरी आकडा घसरला होता. तो मंगळवारी अकरानंतर घसरायला लागला होता. पुलावरून शेवटचा माणूस गेल्यावर.

वहीतली ती रेघ मारलेली ओळ मला जशीच्या तशी दिसली. गावात पावलं नव्हती, गुरं नव्हती, गिरण नव्हती. मोजायला आवाजच नव्हता. कानाला काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही असं सांगायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो म्हणत होता, सात.

असं कधी झालं नव्हतं, कारण इतकं रिकामं गाव कधी कुणी पाहिलंच नव्हतं. शाळेत नेलेल्या गावांतून दोन-चार म्हातारे, गोठ्यातली गुरं, चोरून परत येणारे असे मागे राहतातच. गुरांकोंबड्यांसकट वेस ओलांडणारी माणसं फक्त आमची. आणि त्यांना बाहेर काढणारी मी.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच जिल्ह्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की आकडा सात असताना नवा आदेश निघत नाही, लेखी कळवा. जीप काढली तर तालुक्याकडच्या वाटेवरचा दुसरा एक सखल पूल पाण्याखाली. साहेब गोळी घेऊन खुर्चीत बसले. मी नानांना फोन केला.

"काल तूच फोटो टाकलंस, सात म्हणान," नाना म्हणाले. "बापाशीन खोटो कौल सांगल्यान. आता चेडू खोटो आकडो सांगता. पुरे झाला गो तुमचा. माझ्या फोनवर साठ दाखव, मी हयच बसतंय."

त्यांचं काय चुकलं? मग मी बाबांना फोन केला. मी तो का केला, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे.

त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण हे लगेच कळलं. "म्हंजे आवाज नाय म्हणान तेका ऐकाक येणा नाय."

"होय."

"कोणी आवाज केलो तर?"

"तर ऐकतलो."

"किती येळ?"

"चाळीस मिनटां. मधे थांबाक नाय. थांबलो की परत सात."

सड्यावर पाऊस पडत होता, तो फोनमधून ऐकू येत होता. "आपल्या दारासमोरसून तार गेली आसा," बाबा म्हणाले. "आणि ओसरीवर तुझ्या आवशीचा व्हायन आसा."

व्हायन म्हणजे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. आई त्यात मुसळाने भात कांडायची तेव्हा शेजारच्या घरात भांडी वाजत. ती गेल्यापासून त्यावर पाट झाकलेला होता.

"देवाचो कौल मी खोटो सांगलंय," बाबा म्हणाले. "तुझ्या कानाचो तरी खरो निघांदे."

जाऊ नका, असं मी म्हणाले नाही. मला ते म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "फोन चालू ठेवा."

दोन वाजून दहा मिनिटांनी पहिलं मुसळ पडलं. पडद्यावर सहाव्या डोंगराखाली दोन दिवस सरळ पडलेल्या रेषेवर एक उभी काडी उमटली. मग दुसरी, मग तिसरी. फोनमधूनही आवाज येत होता. धप, मग बाबांचा श्वास, मग धप. बासष्ट वर्षांचा माणूस. लोकांच्या फोनवर आकडा बदलायला पूर्ण चाळीस मिनिटं लागतात, पण आतला कच्चा आकडा मला दर मिनिटाला दिसत होता. बाराव्या मिनिटाला एकोणीस. विसाव्याला एकतीस.

अडीच वाजता नानांकडची मंडळी खोपी मोडून, गुरं सोडून चालायला लागली. तीनला निघायचं होतं, पण बाळाचा ताप वाढला होता. सड्याच्या टोकावरच्या आमच्या कक्षाच्या कॅमेऱ्यात मला ती रांग दिसत होती. पुढे गुरं, मागे डोक्यावर ताडपत्री घेतलेल्या बाया, त्यांच्या मागे पोरं. सड्यावरून पुलापर्यंत वीस मिनिटं, पुलावरून गावात दहा.

एकोणतिसाव्या मिनिटाला कच्चा आकडा चौऱ्याहत्तर झाला.

इतकं वर मी प्रशिक्षणातही पाहिलं नव्हतं. त्याच क्षणी बाबांना म्हणायला हवं होतं, टाका ते मुसळ आणि पळा. आमच्या घरापासून पूल आठ मिनिटांवर. पण मुसळ थांबलं असतं तर आकडा पुन्हा सातवर गेला असता, लोकांच्या फोनवर काही वाजलं नसतं आणि ती रांग पूल ओलांडून सरळ डोंगराखाली गेली असती. कुणी ओरडून सांगितलं असतं तरी थांबली नसती, कारण ओरडून सांगणारा जयराम गुरव होता. अजून अकरा मिनिटं हवी होती.

तेवढ्यात बाबांनीच विचारलं. धापा टाकत, दोन ठोक्यांच्या मधे.

"किती झालो गो?"

"एकतीस," मी म्हणाले.

धप.

"बरा," बाबा म्हणाले.

मुसळाचा वेग वाढला. मी टेबलाची कड धरून बसले होते. साहेब माझ्या मागे उभे होते, त्यांनी पडदा पाहिला होता आणि मी काय म्हणाले तेही ऐकलं होतं. त्याबद्दल ते आजतागायत कुणाशी बोललेले नाहीत.

दोन पन्नासला आकडा जाहीर झाला. त्र्याऐंशी. सड्याच्या वाटेवरचे, पुलावरचे सगळे फोन एकदम किंचाळले. कॅमेऱ्यात रांग थबकलेली दिसली. नाना पुलाच्या मधोमध होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग वळून दोन्ही हात पसरले आणि गुरं मागे रेटायला लागले.

"बाबा, पळा!" मी ओरडले. "टाका ता, पळा!"

मुसळ थांबलं. कानाला आता एकाच माणसाची पावलं ऐकू येत होती, पडद्यावर बारीक काड्या उमटत होत्या, अंगणातून रस्त्याकडे, रस्त्याने पुलाकडे. मी मोजत होते. एकोणीस झाली. मग अख्खा पडदा काळा होईपर्यंत रेषाच रेषा आल्या, आणि फोन बंद झाला.

ओसरगाळूतली एकशे चार घरं गेली, देऊळ गेलं. माणूस एकच गेला. सहाव्या दिवशी सापडला.

वर्तमानपत्रांनी बाबांचा फोटो छापला. जिल्ह्याने माझी परिवीक्षा मुदतीआधी संपवून मला कायम केलं. आता सगळ्या अकरा डोंगरांखाली लोखंडी ठोके बसवले आहेत. गाव रिकामं झालं की ते आपोआप जमीन ठोकत राहतात. योजनेला बाबांचं नाव दिलंय. फीत कापायला मलाच बोलावलं होतं. मी गेले, कापली, बाबांच्या फोटोला हारही घातला.

गाव परत गेलंच नाही. नदीपलीकडे सड्यावर पत्र्याची वसाहत झाली. परतीचा कौल लावायला आता पाषाण नाही आणि गुरवही नाही, त्यामुळे नाना म्हणतात की आमची गावपळण अजून चालूच आहे. मागच्या महिन्यात ते कक्षात आले होते, हातात नारळ. पडद्यासमोर बसले.

"बापाशीन तुझ्या देवाक फसवल्यान," ते म्हणाले, "पण आमका तारल्यान. एक इचारू? तेका म्हायत होता काय, डोंगर येता म्हणान? मगे बसलो कसो तो थंय?"

"मी त्यांना एकतीस सांगितलं होतं, नाना. चौऱ्याहत्तर होता."

नानांनी नारळ टेबलावर ठेवला. त्यांच्या मांडीवर त्या वेळी तापलेला तो नातू होता, आता दोन वर्षांचा, माझ्या पेनाशी खेळत. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला उचलून निघून गेले. नारळ तिथेच राहिला.

खोटं बोलताना माणसाचा आवाज सपाट पडतो, हे बाबांना माहीत असणारच. त्यांचा स्वतःचा पडला होता. माझाही तसाच पडला असेल, तर त्यांना कळलं असेल आणि ते 'बरा' त्यांनी सगळं कळून म्हटलं असेल. नसेल पडला, तर मी त्यांना फसवून मारलं. यातलं कोणतं खरं, हे समजून घेणं अवघड नाही. कक्षातलं प्रत्येक संभाषण ध्वनिमुद्रित होतं. ती फाइल माझ्याच संगणकावर आहे, चाळीस मिनिटांची. एकोणतिसावं मिनिट काढायचं आणि ऐकायचं, एवढंच.

नव्या मुलांना मी शिकवते की ऐकणं हेच आपलं काम आहे. ती फाइल मी अजून ऐकलेली नाही.